पायवाट गावातून जाते, पण रात्र कुठे काढायची?

विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगांतून जाणारी अपलाचियन ट्रेल ही पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची आहे. दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतावर ती सुरू होते आणि चौदा राज्ये ओलांडून उत्तरेस मेन राज्यातील कटाडिन शिखरावर संपते. वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर वीतभर उंचीचे पांढरे पट्टे रंगविलेले असतात. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या गावी मात्र हेच पट्टे रस्त्याकडेच्या खांबांवर दिसू लागतात. कनेक्टिकट नदीवरचा लेडयार्ड पूल ओलांडला की व्हरमाँट राज्य मागे पडते, चढाचा रस्ता थेट डार्टमथ कॉलेजच्या हिरवळीपाशी येतो आणि पायवाट पुस्तकांची, कॉफीची व कपड्यांची दुकाने असलेल्या बाजारपेठेतून चालू लागते. पुढे खेळाच्या मैदानाच्या कडेने ती पुन्हा रानात शिरते.

जॉर्जियाहून निघालेला भटका येथे पोहोचतो तेव्हा त्याने सुमारे २ हजार ८०० किलोमीटर अंतर पायी तोडलेले असते. उरलेले सातशे किलोमीटर हे या वाटेवरील सर्वांत अवघड मानले जातात. त्यामुळे अंग धुणे, कपडे धुणे, फाटलेले बूट बदलणे, टपालाने मागविलेले सामान सोडवून घेणे आणि एक रात्र गादीवर निजणे ही सारी कामे हॅनोव्हरसाठी राखून ठेवण्याचा बहुतेकांचा रिवाज आहे. पहिल्या चार कामांची सोय गावात उत्तम आहे. पाचव्याची मात्र नाही. या पायवाटेवरील सर्वांत सुसंस्कृत म्हणावे अशा गावांपैकी एकात परवडणारा बिछाना मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना तेथे पोहोचल्यावर, तीही संध्याकाळी, कळते.

खोल्या कुणासाठी?

२०२०च्या जनगणनेनुसार हॅनोव्हरची लोकसंख्या १२ हजारांच्या आत आहे. गावाचा सारा व्यवहार १७६९ मध्ये स्थापन झालेल्या डार्टमथ कॉलेजभोवती फिरतो. 'आयव्ही लीग' या मानाच्या आठ विद्यापीठांत त्याची गणना होते. हिरवळीसमोरच उभ्या असलेल्या हॅनोव्हर इन या उपाहारनिवासाचा इतिहास १७८० पर्यंत मागे जातो. त्याची मालकी कॉलेजकडेच आहे. येथील ग्राहक म्हणजे मुलांना भेटायला आलेले पालक, माजी विद्यार्थी आणि परिषदांना येणारे प्राध्यापक. पाच-सहा महिने काटकसरीने चालणाऱ्याच्या खिशाला येथील दर पेलणारे नाहीत. न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण विक्रीकर नाही, म्हणून बूट व तंबू येथे घेणे फायद्याचे ठरते. खोली आणि हॉटेलातील जेवण यांवर मात्र स्वतंत्र कर आहे. ऑक्टोबर २०२१ पासून तो साडेआठ टक्के आहे.

कॉलेजचे गाव म्हटल्यावर उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहे रिकामी असतील आणि त्यांतील एखादी खोली स्वस्तात मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. अमेरिकेतील बऱ्याच विद्यापीठांत तसे घडतेही. डार्टमथमध्ये मात्र १९७२ मध्ये मुलींना प्रवेश खुला झाला, त्याच सुमारास बारमाही सत्रांची पद्धत सुरू झाली. दुसरे वर्ष संपल्यावरचा उन्हाळा कॉलेजातच काढायचा, असा तेथील दंडक आहे. उत्तरेकडे निघालेले भटके जुलै-ऑगस्टमध्ये येतात तेव्हा वसतिगृहे अशी गजबजलेली असतात.

जूनमधील पदवीदान समारंभ आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य हा पानगळीचा हंगाम, या दोन काळांत तर पंचक्रोशीत खोली मिळणे दुरापास्त. मेपलची लाल-केशरी पाने पाहायला दूरदूरहून लोक येतात आणि त्यांनी खोल्या कित्येक महिने आधी राखून ठेवलेल्या असतात.

मूळ योजनेत काय होते?

या पायवाटेची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात मांडली. ती केवळ वाटेची कल्पना नव्हती, हे सहसा विसरले जाते. एका दिवसाच्या सुखकर चालीच्या अंतरावर निवारे असावेत, त्यांच्याभोवती छोट्या वस्त्या व शेते असावीत आणि शहरातला थकलेला माणूस तेथे येऊन राहावा, असा त्यांचा आराखडा होता. १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली. वस्त्या व शेते कागदावरच राहिली, निवारे मात्र उभे राहिले. आज संपूर्ण वाटेवर असे अडीचशेहून अधिक निवारे आहेत. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू उघडी, आत लाकडी फळ्यांची जमीन, बाहेर शौचकूप आणि शक्यतो जवळ एखादा झरा. पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत. जो आधी येईल त्याची जागा. नर्मदा परिक्रमेतील सदावर्ताची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे, फक्त येथे शिधा आपला आपण आणायचा.

हॅनोव्हरच्या परिसरातील निवाऱ्यांची देखभाल डार्टमथ आउटिंग क्लब करतो. फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेला हा क्लब अमेरिकेतील महाविद्यालयीन भटक्यांची सर्वांत जुनी संघटना होय. अपलाचियन ट्रेलचा ऐंशी किलोमीटरहून अधिक भाग त्याच्याकडे सोपविलेला आहे. विद्यार्थी स्वतः कुऱ्हाडी घेऊन पडलेली झाडे हटवतात आणि निवाऱ्यांची छपरे दुरुस्त करतात. म्हणजे, ज्या कॉलेजच्या गावात भटक्याला खोली मिळत नाही, त्याच कॉलेजची मुले गावाबाहेर त्याचे छप्पर शाकारत असतात.

तळघरांकडून घरांकडे

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. 'फ्रॅटर्निटी' म्हणून ओळखली जाणारी विद्यार्थी-मंडळांची काही घरे भटक्यांना तळघरात किंवा ओसरीवर पथारी टाकू देत. त्या काळच्या भटक्यांच्या बोलण्यात या रात्रींचे, विशेषतः त्यांतील गोंगाटाचे, किस्से हमखास येतात. पुढे हे दरवाजे एकेक करून मिटत गेले. जुनी टिपणे वाचून आजही कुणी थेट अशा घराची घंटा वाजवतो, आणि दार उघडणाऱ्या मुलाला हा माणूस कशासाठी आला आहे हेच कळत नाही.

आता ही जबाबदारी गावातील व नदीपलीकडच्या नॉर्विचमधील काही कुटुंबांनी उचलली आहे. वाटसरूला निरपेक्ष मदत करणाऱ्यांना या वाटेवर 'ट्रेल एंजल', म्हणजे वाटेवरचे देवदूत, म्हणतात. अशा स्वयंसेवकांची यादी ठेवण्याची प्रथा येथे रुजली असून हाऊ लायब्ररी या सार्वजनिक वाचनालयात तिची चौकशी करता येते. कुणी अंगणात तंबू ठोकू देतो, कुणी पडवी देतो, कुणी घरातली खोली. इतरत्र हे काम बहुधा एखाद्या संस्थेने उचललेले दिसते. उदाहरणार्थ, पेनसिल्व्हेनियातील डेलावेअर वॉटर गॅप गावी एका चर्चने १९७०च्या दशकापासून आपले तळघर भटक्यांना खुले ठेवले आहे. हॅनोव्हरमध्ये संस्था नाही, माणसे आहेत. म्हणूनच ही सोय अधिक ऊबदार आणि तितकीच नाजूक आहे. चर्चचे तळघर एखाद्या बेपर्वा पाहुण्याने बंद पडत नाही. घराचे दार पडते.

तेव्हा काही पथ्ये पाळायलाच हवीत. फोन आदल्या दिवशी करावा, अंधार पडल्यावर नव्हे. किती जण आहोत, किती वाजता येऊ हे स्पष्ट सांगावे आणि बरोबर कुत्रा असेल तर तेही. एका रात्रीचे आमंत्रण एका रात्रीचेच समजावे. कुणाकडे जाण्यापूर्वी अंघोळ उरकून घ्यावी. त्यासाठी रिचर्ड ब्लॅक समाजकेंद्रात अल्प शुल्कात स्नानाची व कपडे धुण्याची सोय अनेक वर्षांपासून केलेली आहे. केंद्राची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी, विशेषतः शनिवार-रविवारी. पैसे देऊ केले तर काही यजमानांना अवघडल्यासारखे होते. भांडी घासून दिली, अंगण झाडून दिले तर कुणालाच होत नाही.

दिवस गावात, रात्र रानात

अनुभवी भटके मात्र या साऱ्या फोनाफोनीला फाटा देतात. त्यांची युक्ती साधी आहे. गावाच्या अलीकडे, व्हरमाँटच्या हद्दीत, सुमारे साडेनऊ किलोमीटरवर हॅपी हिल हा निवारा आहे. गावाच्या पलीकडे अवघ्या अडीच-तीन किलोमीटरवर व्हेल्व्हेट रॉक्स हा दुसरा. पहिल्या निवाऱ्यात रात्र काढून पहाटे निघावे. न्याहारीच्या वेळेला हॅनोव्हर येते. मेन स्ट्रीटवरील 'लूज' हे १९४७ पासूनचे उपाहारगृह लांबच्या भटक्यांना एक डोनट मोफत देण्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे टपाल कचेरी, स्नान, कपडे, वाचनालयात बसून फोनची बॅटरी भरणे, को-ऑप दुकानातून चार दिवसांचा शिधा आणि पोटभर जेवण. जुलैत सूर्य सव्वाआठच्या पुढे मावळतो, म्हणून सहा वाजता निघाले तरी उजेडात व्हेल्व्हेट रॉक्स गाठता येते. गावाचे सारे सुख मिळते आणि मुक्कामाचा खर्च शून्य. आमच्या मते हॅनोव्हरच्या प्रश्नाचे हेच सर्वांत सरळ उत्तर आहे. ज्याला ताप आहे, ज्याचा गुडघा सुजला आहे, त्याची गोष्ट वेगळी.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. व्हेल्व्हेट रॉक्सजवळचा झरा उन्हाळ्यात भरवशाचा नसतो, म्हणून पाणी गावातूनच भरून न्यावे. दुसरी गोष्ट अस्वलांची. हॅनोव्हर परिसरातील 'मिंक' नावाची काळी अस्वलीण बरीच गाजली होती. तिच्या पिलांनी २०१७ मध्ये एका घरात शिरकाव केला. त्या कुटुंबाला ठार मारण्याऐवजी दूर सोडण्याचा निर्णय राज्याच्या गव्हर्नरांनी दिला. २०१८ मध्ये तिला राज्याच्या उत्तर टोकाला नेऊन सोडण्यात आले, तर ही बाई रानावनातून प्रचंड प्रदक्षिणा घालून पुन्हा गावाकडे आली. २०२० मध्ये ती मृतावस्थेत आढळली. ती गेली तरी रानात अस्वले आहेत, तेव्हा शिधा निवाऱ्यात उशाशी ठेवून झोपू नये. तो झाडाला उंच टांगावा किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावा.

ज्यांना खरोखरच खोली हवी आहे, त्यांनी हॅनोव्हरचा नाद सोडावा. ॲडव्हान्स ट्रान्झिट ही स्थानिक बससेवा तिकिटाविना चालते. तिच्याने लेबनन, वेस्ट लेबनन किंवा नदीपलीकडील व्हाइट रिव्हर जंक्शनला जाता येते. मोटेले तेथे आहेत आणि दोघातिघांनी मिळून खोली घेतली की खर्च आवाक्यात येतो. पण लेबननमध्ये १९९१ पासून मोठे रुग्णालय आहे आणि रुग्णांच्या नातलगांनाही याच खोल्या लागतात. आगाऊ नोंदणी येथेही हवीच. शिवाय बसचे वेळापत्रक शनिवार-रविवारी वेगळे असू शकते, ते पाहून ठेवावे.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी

संपूर्ण ट्रेल चालायला साधारण पाच ते सात महिने लागतात. पर्यटक म्हणून अमेरिकेत प्रवेश करणाऱ्याला सहसा सहा महिन्यांपर्यंतच राहण्याची मुभा मिळते. हे गणित फारच काटेकोर होते. परंतु बॉस्टन परिसरात शिकणाऱ्या किंवा स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना आणि त्यांच्याकडे सुटीला जाणाऱ्यांना या वाटेची चव घेण्यासाठी हॅनोव्हरइतके सोयीचे ठिकाण नाही. बॉस्टनच्या लोगन विमानतळावरून आणि साउथ स्टेशनवरून डार्टमथ कोच ही बस थेट हॅनोव्हरला येते. प्रवास अंदाजे तीन तासांचा.

सकाळच्या बसने यावे, दुपारपर्यंत गाव पाहावे आणि पांढऱ्या पट्ट्यांमागून व्हेल्व्हेट रॉक्सला मुक्कामाला जावे. सह्याद्रीत सवय असलेल्यांना चढ जड जाणार नाही. पुढचा निवारा मूस माउंटनचा, तेथून सुमारे पंधरा किलोमीटरवर. मधे दुकान नाही, म्हणून दोन दिवसांचे खाणे हॅनोव्हरलाच घ्यावे. तितके चालून परत फिरले तरी दोन रात्रींचा प्रवास होतो. पाय साथ देत असतील तर त्याच वाटेने माऊंट मूसिलॉक हे १ हजार ४६४ मीटर उंचीचे शिखर हॅनोव्हरपासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. त्याच्या पायथ्याशी कॉलेजचे मूसिलॉक रॅव्हिन लॉज असून १९३८च्या जुन्या वास्तूच्या जागी २०१७ मध्ये नवी इमारत उभी राहिली आहे. तेथे बिछाने व रात्रीचे जेवण मिळते, पण ठरावीक हंगामात आणि आगाऊ नोंदणी केली तरच.