शब्द कुठे जातात?

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर घेतले होते. नंतर दुरुस्तीला वाव नाही. स्टुडिओजवळून आगगाड्या धडधडत जायच्या, म्हणून चित्रण अपरात्री चाले. मायक्रोफोन नटांच्या आसपास कुठंतरी दडवून ठेवायचे. नायक होता आपला मास्टर विठ्ठल, मूकपटांतला गाजलेला मराठी गडी. उर्दू-हिंदी संवाद काही त्याच्या जिभेवर बसेनात. मग त्याला बराच वेळ बेशुद्ध दाखवलं, असं सांगतात. मी घरी दखनी बोलतो आणि कविता मराठीत लिहितो, त्यामुळे विठ्ठलची अडचण मला जरा जास्तच कळते.

या बोलपटांची झळ आपल्या नाशिकलाही लागली. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि नंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं. इथं त्यांनी मूकपटांचा संसार मांडला. त्या वेळी शब्द पडद्यावर पाट्यांवर लिहून येत. ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारचा वाचून दाखवी. त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणूनच तयार झाला, पण तोवर लोकांना बोलकी चित्रं हवी झाली होती. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. बोलण्यासाठी न हललेल्या ओठांना शब्द चिकटवायचे, म्हणजे काय यातायात असेल! १९३७ साली त्यांनी कोल्हापूरच्या कंपनीसाठी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकलाच गेले.

फाळक्यांची आठवण झाली ती आमच्या घरातल्या होम थिएटरमुळे. पाच लहान खोकी आणि धडधडाटासाठी सहावं मोठं, असा मुलानं हौसेनं आणलेला संच. वादळ आलं की मांडणीवरची भांडी वाजतात. पण नायक बोलायला लागला की ऐंशी ओलांडलेली अम्मी विचारते, “क्या बोला रे वो?” आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी मोटार उडते आणि शेजारी दार वाजवतात. कमी करावा, तर सगळ्यात आधी बोलणं बुडतं. हळूहळू अम्मी सिनेमा अर्ध्यावर सोडून आत जायला लागली. हे मला फार लागलं.

दोष सगळा खोक्यांचा नव्हे. हा आवाज मुळात मोठ्या थिएटरसाठी जुळवलेला असतो. ‘शोले’तल्या जयचं नाणं १९७५ मध्ये सत्तर एमएमच्या पडद्यासमोर खणखणलं, तेव्हा लोक आवाजाच्या दिशेनं खाली बघत, अशा गोष्टी आपण ऐकल्या आहेत. तिथं कुजबुज आणि स्फोट यांच्यात मुद्दाम मोठं अंतर ठेवतात. संवाद बहुधा पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. घरात तोच स्पीकर टीव्हीच्या खालच्या कप्प्यात कोंबलेला!

दुसरी गोष्ट खोलीची. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं एक नवं सभागृह असंच निरुपयोगी झालं होतं. वक्त्याचा एक शब्द दुसऱ्यावर चढायचा. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकानं दुसऱ्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री तिथं आणून मांडल्या. ऑर्गनची नळी वाजवून बंद केल्यावर आवाज किती वेळ घुमतो, ते तो मोजत राही. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. भद्रकालीतल्या आमच्या जुन्या घराला मातीच्या भिंती, लाकडी माळा आणि खाली सतरंज्या होत्या. फ्लॅटमध्ये चकचकीत फरशी आणि कोऱ्या भिंती. ‘त’ कुठला आणि ‘प’ कुठला, अम्मीनं ओळखावं कसं?

मग मधला स्पीकर कप्प्यातून काढून तिच्या कानाच्या उंचीवर ठेवला. तेवढ्याचाच आवाज वाढवला. रिमोटवर रात्रीसाठी एक बटण निघालं, त्यानं स्फोट जरा नरमतात. समोरच्या भिंतीवर अम्मीनंच शिवलेली गोधडी टांगली; सून म्हणते, पाहुण्यांना ती सजावट वाटते. आता नायकाचं बोलणं तिला बहुतेक कळतं. खलनायक दातांत बोलतो, त्याचं अजून नाही. ते संवाद ती स्वतःच रचून आम्हाला ऐकवते, आणि सिनेमा संपेपर्यंत उठत नाही.