तीन अक्षरे आणि सहा चुली



घराच्या तपासणीचा अहवाल किती तपशीलवार असावा, हा प्रश्न वरवर पाहता इंजिनिअरांचा आणि कारकुनांचा वाटतो. वसंत व्याख्यानमालेत तो कशाला, असे कोणी म्हणेल. पण मुंबईच्या कामगाराने या प्रश्नाची किंमत सव्वाशे वर्षे मोजली आहे. आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे थोडे वाचले ते युनियनच्या कचेरीत, गेट-मीटिंग आटोपल्यावर. तेव्हा आम्ही येथे इतिहासकाराच्या अधिकाराने बोलत नाही. अनेक अहवालांवर सह्या केलेल्या आणि काहींवर सही नाकारलेल्या माणसाच्या नात्याने बोलत आहोत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला आणि घरात शिरण्याचे, रोगी हलविण्याचे, वस्ती रिकामी करण्याचे अधिकार सरकारने हाती घेतले. तपासणी पथके चाळींतून फिरू लागली. जी जागा उजेड-वाऱ्यावाचून राहण्यास नालायक दिसे, तिच्यावर इंग्रजीत तीन अक्षरे रंगविली जात : यू. एच. एच. अर्थ असा की, मनुष्यवस्तीस अयोग्य. घरतपासणीचा याहून आखूड अहवाल आमच्या वाचनात नाही.

त्या अधिकाऱ्यांवर अन्याय करू नये. साथ दारात उभी असता निबंध लिहीत बसायला सवड कोणाला? पण ती अक्षरे काय सांगत नव्हती, हेही पाहिले पाहिजे. घर अयोग्य का, हे ती सांगत नव्हती. खिडकी पाडली, कौले काढली, मोरी बांधून काढली तर ते योग्य होईल काय, हे सांगत नव्हती. आणि आत राहणाऱ्याने आज रात्री मुलेबाळे घेऊन कोठे निजावे, याविषयी तर मौनच होते. ज्याच्या भिंतीवर ती लिहिली, त्या गिरणीकामगाराला ती वाचताही येत नव्हती! तपासणी म्हणजे आपल्या माणसाला ओढून नेणे, अशी लोकांची समजूत आधीच झाली होती. १८९६ च्या ऑक्टोबरातच गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. पुण्यात घरझडत्यांचा संताप २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत गेला, ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. लोक रोगी लपवू लागले. ज्या तपासणीची भीती वाटते, तिला खरे घर कधीच दिसत नाही.

१८९८ मध्ये कायद्याने मुंबईची इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली. पहिल्या काही वर्षांत तिने जितकी घरे पाडली, तितकी बांधली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली, म्हणजे एका गल्लीतली दाटी दुसऱ्या गल्लीत गेली. मात्र याच ट्रस्टच्या कारभारात एक चांगली गोष्ट घडली. अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. त्याचा साधा अर्थ असा की, समोरची भिंत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. हा नियम मोठा औदार्याचा होता असे नव्हे. पण ‘अयोग्य’ हे साहेबाचे मत होते. साडेत्रेसष्ट अंश हे माप झाले. मताशी भाडेकरू वाद घालू शकत नाही. मापाशी घालू शकतो, कारण दोरी घेऊन तोही मोजू शकतो.

आता दुसरा अहवाल पाहू. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ मध्ये निघाले. त्याच्या वतीने डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली. १९२२ च्या त्यांच्या अहवालात एका खोलीचे वर्णन आहे. चाळीचा दुसरा मजला. खोली सुमारे १५ फूट लांब, १२ फूट रुंद. राहणारी कुटुंबे ६. या सांगण्याचा पुरावा काय? तर जमिनीवर वेगवेगळ्या ६ चुली. लहानमोठी माणसे ३०. सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत व्हायच्या होत्या.

श्रोतेहो, हा तपशील किती आहे? चार-पाच वाक्ये. पण १८० चौरस फुटांना ३० ने भागा. माणशी ६ चौरस फूट जागा येते. ‘अतिशय दाटी आहे’ असे लिहिले असते तर ते कोणी लक्षात ठेवले नसते. सहा चुली मात्र विसरता येत नाहीत.  पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला. १९२८ साली कौन्सिलात त्या विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते स्वतः परळला ट्रस्टच्या चाळीत राहत असत. एका अहवालाने कायदा झाला, असे आम्ही म्हणत नाही. त्यामागे चळवळ होती. पण चळवळीला हातात धरायला पुरावा लागतो. आणि पाहा, बाईंनी त्या तीस जणांपैकी एकाचेही नाव छापले नाही. घर उघडे केले, माणसे झाकली.

मग तपशील जितका जास्त तितका बरा, असे म्हणावे काय? तेही खरे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या चाळीचा तपासणी-अहवाल आमच्याकडे आला. चांगला चाळीस पानांचा. तक्ते, छायाचित्रे, हातोडी-चाचणीचे आकडे. भाडेकरूंच्या सभेत दोन तास चाळ कोणत्या वर्गात बसते यावरच भांडण झाले. अखेर मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “दादा, मोरीत पाणी सांडायचं का नाही, तेवढं सांगा.” आम्ही पाने चाळली. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीमागचा लाकडी खांब बुडाशी कुजला आहे, हे वाक्य आत कोठेतरी, तक्त्यांच्या गर्दीत होते. लिहिणाराने लबाडी केली नव्हती. सत्य लिहिलेच होते, पण ते पुरून ठेवले होते. ती मोरी बंद केली, खांबाला टेकू लावले. चाळ अजून उभी आहे.

आज मुंबईत जुन्या इमारतींची प्रतवारी होते : सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची, सी-२ए, सी-२बी, सी-३ म्हणजे कमी-अधिक दुरुस्तीच्या. प्रतवारी हवीच, पाऊस तोंडावर आला की कोणाला आधी हलवायचे ते ठरवावे लागते. पण नुसता ‘सी-१’ हा त्या जुन्या तीन अक्षरांचा नातूच होय. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात महापालिकेच्याच कर्मचाऱ्यांची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. अशा वेळी वर्ग कोणता होता एवढ्याने लोकांचे समाधान होत नाही. कोणता खांब, कोणी पाहिला, कोणाला सांगितले, असे ते विचारतात. त्यांना तसे विचारावे लागू नये, यासाठीच अहवाल असतो.

म्हणून आमचे मत असे. अहवालाची लांबी पानांवर मोजू नये. दुसरा माणूस तो हाती घेऊन त्याच जिन्याने चढला, तर त्याला त्याच खांबावर बोट ठेवता आले पाहिजे; इतका तपशील पुरे, याहून कमी चालणार नाही. दोष कोठे, किती मापाचा, आज काय करावयाचे आणि या पावसाळ्यानंतर काय, हे पहिल्या पानावर, राहणाऱ्याच्या भाषेत असावे. जे झाकलेले होते म्हणून पाहता आले नाही, तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. बाकीचे आकडे मागे जोडावेत, ते तज्ज्ञांसाठी. आणि कोणत्या घरात कोण आजारी, कोणाचे भाडे थकले, हे त्यात मुळीच येऊ नये.

आपल्या गावातही जुने वाडे आहेत, त्यांत भाडेकरू आहेत. यंदा पावसाआधी तपासनीस येईल, तेव्हा त्याला चहा अवश्य द्या. पण तो जाण्यापूर्वी एवढे विचारा : “साहेब, काय लिहिलेत ते आम्हांला वाचून दाखवाल काय?”