शरणपूरची मुले

यंदा उन्हाळी सुट्टीत शाळेत मुलांचे कलाशिबिर घेतले. मातीकाम चालू असताना एका पालकांनी विचारले, "सर, याचा पुढे उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर देताना मला नाशिकचे शरणपूर आठवले.

आफ्रिकी वंशाचे लोक म्हटले की आपल्याला जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात, नाहीतर खडकी वसवणारा मलिक अंबर. पण एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात आणखी काही आफ्रिकी आले, आणि ती मुले होती. पूर्व आफ्रिकेतून पळवून गुलाम म्हणून विकायला नेलेली ही मुले इंग्रजी आरमाराने अरबी समुद्रातील गलबतांवरून सोडवली आणि मुंबईस उतरवली. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळ, चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी वसवलेल्या शरणपुरात आश्रय मिळाला. नाशिकचा शरणपूर रोड त्या वस्तीचे नाव आजही सांगतो.

तेथे अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवीत. परक्या मुलखात पोटापाण्याची सोय व्हावी, एवढाच हेतू. मात्र या शिक्षणाची किंमतही होती. मुलांना नवा धर्म आणि नवी नावे मिळाली. आईने ठेवलेली नावे मागे पडली.

त्यांतलाच एक जेकब वेनराइट. प्रवासी संशोधक डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला १८७२ साली गेलेल्या तुकडीत नाशिकला शिकलेले सहा तरुण होते, त्यांत हाही होता. मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियातील चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारले. सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्यांचे काळीज तेथेच एका झाडाखाली पुरले. देह मीठ लावून, उन्हात वाळवून, हजाराहून अधिक मैल चालत त्यांनी किनाऱ्यावर आणला. त्या झाडाच्या खोडावर जेकबने अक्षरे कोरली: लिव्हिंगस्टनचे नाव, तारीख आणि तीन आफ्रिकी साथीदारांची नावे. तो खोडाचा तुकडा पुढे लंडनला नेला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटिकेचा मान मिळालेल्यांत शरणपूरचा हा विद्यार्थी होता.

पुढे १८७५ च्या सुमारास मोंबासासमोर मुक्त गुलामांची फ्रेरटाउन ही वसाहत उभी राहिली, तेव्हा शरणपूरचे अनेक आफ्रिकी तिकडे गेले. नाशिकला शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर आधीच, १८६४ पासून, मोंबासाजवळच्या रबाई येथे काम करीत होते. ज्या किनाऱ्यावरून मुले पळवली गेली, तेथे ती शिकवणारी माणसे होऊन परतली.

हाताला लागलेले वळण कोठे उपयोगी पडेल, हे शिकवणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्या पालकांना मी एवढेच सांगितले.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. जेकबने त्या झाडावर चौघांची नावे कोरली, त्यांत त्याचे स्वतःचे नाव नव्हते. १९५६ पासून मध्यप्रदेशात असलेल्या आपल्या भागात मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी शिकतात. दोन्ही त्यांच्याच भाषा आहेत. एकीसाठी दुसरी टाकायचे कारण नाही. शाळेने मुलाला कौशल्य द्यावे, पण त्याच्या मोबदल्यात त्याचे घरचे काही मागू नये.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांना म्हटले, आपापल्या मातीच्या फळीवर घरी हाक मारतात ते नाव कोरा. बबलू, चिंगी, नानू अशी नावे उमटली. त्या फळ्या आम्ही वाळवून ठेवल्या आहेत.