विंचवाचं बिऱ्हाड आणि आमचा कारवाँ

गेल्या हिवाळ्यात अम्मीनं हट्ट धरला. सहस्रकुंड तर आमच्या इस्लापूरच्या अंगणातलंच, पण उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरचा किल्ला, वझऱ्याचा शेख फरीद आणि मुलांसाठी टिपेश्वरचं अभयारण्य, असं सगळं एकदा सलग बघायचं. अम्मीचे गुडघे गेलेले, वय सत्तरीपार. एका दिवसात होणारा हा प्रवास नाही. म्हणजे रात्रीचा मुक्काम आला, आणि आमच्या घरात मुक्काम म्हटलं की सगळे गप्प होतात.

कारण जुनं आहे. काही वर्षांपूर्वी एका पर्यटनस्थळी फोनवर खोली ठरवली होती. पोहोचल्यावर आधारकार्ड दिलं. कार्ड बघून माणूस आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "खोलीचं काम चालू आहे, साहेब." त्या रात्री आम्ही पेट्रोलपंपाच्या कडेला गाडीतच झोपलो. अम्मी काही बोलली नाही, फक्त पहाटे वजूसाठी पाणी कुठे मिळेल एवढंच विचारलं.

म्हणून या वेळी भाच्यानं उपाय काढला: "मामू, कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊ. झोपायला बिछाना, छोटा गॅस, बेसिन, संडास, सगळं गाडीतच. कोणाच्या दारात जायचंच नाही." महाराष्ट्र शासनानं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलंय. मी चौकशी सुरू केली. आम्हाला सापडलेल्या गाड्या पुण्या-मुंबईच्या निघाल्या, आणि भाडं तिथून निघाल्यापासून मोजायचं. ते काही आमच्या खिशाला झेपेना. पण या चौकशीच्या नादात मी दुसऱ्याच वाटेला लागलो. 'कॅरॅव्हॅन' हा शब्द आपलाच आहे की!

फारसीतला 'कारवान', म्हणजे आपल्या उर्दूतला कारवाँ. व्यापाऱ्यांबरोबर तो युरोपात गेला आणि इंग्रजीत कॅरॅव्हॅन झाला. इंग्रजांनी पुढे त्याचं डोकं छाटलं आणि शेपूट ठेवलं, ती 'व्हॅन'. आज दूध पोहोचवणारी, शाळेची मुलं नेणारी प्रत्येक व्हॅन हा त्या कारवाँचा उरलेला तुकडा आहे.

घर बरोबर घेऊन फिरण्यात मुघलांचा हात कोणी धरला नसेल. अकबराच्या छावणीचा हिशेब अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त दिला आहे: एका तळाचं सामान वाहायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल. तंबू ठोकणारे फर्राश हजारभर, वर भिस्ती, सुतार, मशालची, झाडूवाले वेगळे. शाही तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका तळावर झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत.

हे ओझं कधीकधी जडही व्हायचं. 1623 मध्ये बापाविरुद्ध बंड करून पळालेला शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, आमच्या माहूरला आला तेव्हा हत्ती आणि जड सामान त्यानं किल्ल्यावरच सोडलं आणि हलका होऊन तेलंगणात उतरला. औरंगजेब 1681 मध्ये दक्षिणेत आला तो परत गेलाच नाही. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं बहुतेक छावण्यांतच गेली. 1707 मध्ये अहमदनगरला डोळे मिटले आणि खुलदाबादला उघड्या आभाळाखालची साधी कबर नशिबी आली. पुढच्याच वर्षी त्याच्या मुलाची, बहादूरशहाची छावणी दक्षिणेत आली. तिच्याबरोबर प्रवास करत गुरू गोविंदसिंग नांदेडला पोहोचले. नांदेडची आजची ख्याती त्या मुक्कामामुळे आहे.

पण या चालत्या शहरांना दाणापाणी कोण पुरवत होतं? बंजारे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहितो की दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन जाताना त्यानं पाहिले. रस्ता अरुंद असला की तांडा निघून जाईपर्यंत वाटसरूंना थांबून राहावं लागे. बायका-मुलं, भांडीकुंडी, सगळं बरोबर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. तांडा हेच त्यांचं गाव.

मग आगगाडी आली. 1900 च्या सुमारास निजामाच्या मुलखात गोदावरी खोऱ्याची रेल्वे नांदेडवरून मनमाडला भिडली. जे मीठ बैलाच्या पाठीवर महिनाभर चालत यायचं, ते डब्यातून येऊ लागलं. धंदा गेला. त्याआधीच, 1871 मध्ये, इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. पुढच्या कायद्यांनी तो उत्तरेतून इतर प्रांतांत पसरला आणि फिरत्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरल्या. त्यांत बंजाऱ्यांच्याही कितीतरी टोळ्या होत्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. हा शिक्का स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये पुसला गेला.

आता विलायतेत त्याच काळात काय चाललं होतं ते बघा. 1885 मध्ये गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरानं दोन घोड्यांची, आत पलंग-पुस्तकांची सोय असलेली गाडी बांधून घेतली आणि हौसेखातर देशभर फिरला. हौशी कॅरॅव्हॅनची सुरुवात तिथून धरतात. कल्पना रोमा लोकांच्या घोडागाड्यांवरून घेतलेली. हे रोमा मूळचे आपल्याकडचे, त्यांची भाषा आजही ते सांगते. आणि विलायतेतल्या गावागावांतून त्यांनाही हाकललंच जात होतं. एकच गाडी: डॉक्टर बसला तर सहल, रोमा बसला तर संशय.

आमच्या इस्लापूरलाही असा हलण्याचा इतिहास आहे, फक्त इथे माणसं जागेवर राहिली आणि हद्द हलली. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. राज्य पुनर्रचनेत ते किनवट तालुक्यासोबत इकडे आलं. एका रात्रीत तांडे दोन राज्यांत वाटले गेले. आज तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे आणि इकडचा बंजारा विमुक्त जातीत. घर न हलवता माणूस कसा परका होतो, हे आमच्या भागाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तर शेवटी आम्ही एक टेम्पो ट्रॅव्हलर, भाड्याचा तंबू आणि घरचा गॅस घेऊन निघालो. पहिल्याच रात्री कळलं की बिछाना बरोबर असला तरी तो अंथरायला जमीन लागते. अभयारण्यात थांबू देत नाहीत, ते बरोबरच आहे. रस्त्याकडेला पोलीस हटकतात. अखेर भाच्याच्या ओळखीच्या एका बंजारा शेतकऱ्यानं खळ्यावर जागा दिली. विहिरीचं पाणी दिलं, अम्मीसाठी बाज टाकली. घरातले म्हातारे बाबा म्हणाले, "आमचे आजे बैलावर मीठ आणायचे. गाव मीठ घ्यायचं आणि म्हणायचं, आता उठा."

मला शेरशहाच्या सराया आठवल्या. अब्बासखान सरवानी लिहितो की दर दोन कोसांवर सराई होती, हिंदूंची आणि मुसलमानांची सोय वेगळी, पण दार दोघांनाही उघडं. कुरआनात जकातीचा एक वाटा वाटसरूसाठी ठेवलेला आहे, आणि मुसाफिराला चार रकातींची नमाज दोनच पढायची सवलत आहे. प्रवासात माणूस अडचणीत असतो, एवढं साधं गृहीतक त्यामागे आहे.

कॅम्पर व्हॅन चांगलीच आहे. पुढेमागे नांदेडला मिळाली तर मी पहिला गिऱ्हाईक. पण भाचा म्हणाला होता, कोणाच्या दारात जायचंच नाही. ते काही मला पटलेलं नाही. त्या रात्री खळ्यावर अम्मी गाढ झोपली. पहाटे ती उठायच्या आत घरच्या सुनेनं वजूसाठी गरम पाण्याची बादली आणून ठेवली होती. नाव कोणी विचारलं नव्हतं.