कार्ब्युरेटर, मोटारसायकलचा

पेट्रोलचे सूक्ष्म तुषार करून ते हवेत ठरावीक प्रमाणात मिसळणारे आणि हे मिश्रण एंजिनाच्या सिलिंडराकडे पोहोचविणारे साधन. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सु. १४.७ ग्रॅम हवा लागते. तथापि हे प्रमाण सर्व अवस्थांत सारखे ठेवून चालत नाही. थंड एंजिन सुरू करताना, गाडी जागेवर उभी असताना, चढावर व पूर्ण वेगात मिश्रणाची गरज निरनिराळी असते. त्यामुळे कार्ब्युरेटर हा विशिष्ट एंजिनासाठी बेतलेला भाग ठरतो. मूळचा कार्ब्युरेटर झिजल्यावर त्याच्या जागी दुसरा बसविला, तर तो त्या एंजिनाशी नव्याने जुळवून घ्यावा लागतो. कारागिरांच्या भाषेत या जुळणीला ट्यूनिंग म्हणतात. जुन्या मोटारसायकलींचे आयुष्य, त्यांना लागणारे इंधन व त्यांच्यामुळे होणारे हवेचे प्रदूषण ही तिन्ही या जुळणीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

इतिहास : प्रारंभीच्या एंजिनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात इंधनाची वाफ मिसळली जाई. गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकी वाहनात याच तत्त्वाचा उपयोग होता. अशा साधनात हवा-इंधनाचे प्रमाण नीट राखता येत नसे. १८९३ मध्ये हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, तर जर्मनीत मायबाख यांनी, बारीक छिद्रातून इंधनाचे तुषार उडविणारा कार्ब्युरेटर पुढे आणला. नळीच्या अरुंद भागातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हे जोव्हान्नी बात्तीस्ता व्हेंतूरी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासलेले तत्त्व या रचनेच्या मुळाशी आहे.

मोटारसायकलींच्या बाबतीत ब्रिटनमधील ॲमल या कंपनीचे कार्य महत्त्वाचे ठरले. ॲमॅक, ब्राऊन अँड बार्लो व बिंक्स हे तीन उत्पादक एकत्र येऊन १९२७ मध्ये ती स्थापन झाली. वर-खाली सरकणारी नळकांड्याच्या आकाराची स्लाइड आणि तिला जोडलेली निमुळती सुई ही ॲमलच्या कार्ब्युरेटरांची रचना अनेक देशांत स्वीकारली गेली. जपानमधील मिकुनी कंपनीने ॲमलच्या परवान्याखाली उत्पादन करून पुढे त्यात आपल्या सुधारणा केल्या. इटलीत १९३३ मध्ये स्थापन झालेली डेलॉर्टो कंपनी स्कूटरांच्या कार्ब्युरेटरांसाठी प्रसिद्धीस आली.

भारतातील प्रसार : भारतीय रस्त्यांवर या निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या. १९५५ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या बुलेटबरोबर ॲमलचा कार्ब्युरेटर आला. म्हैसूर येथे तयार होणाऱ्या जावा गाड्यांबरोबर चेकोस्लोव्हाकियाच्या यीकोव्ह कार्ब्युरेटराची ओळख झाली. मुंबईतील भांडुप येथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची लँब्रेटा आणि पुण्याजवळील आकुर्डी येथे बजाज कंपनीची स्कूटर तयार होऊ लागली. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकवर डेलॉर्टो पद्धतीचा, भारतात बनविलेला स्पाको कार्ब्युरेटर असे. त्याच वर्षी कायनेटिक कंपनीची लूना ही मोपेड आली. १९८३ पासून एस्कॉर्ट्स कंपनीने तयार केलेल्या राजदूत ३५० या गाडीला दोन सिलिंडर व दोन कार्ब्युरेटर होते. १९८५ मध्ये बजाजचा वाळूज (छत्रपती संभाजीनगर, तत्कालीन औरंगाबाद) येथील कारखाना सुरू झाला. १९८६ मध्ये या कंपनीची कावासाकी बजाज केबी १०० ही मोटारसायकल आली. जपानी सहकार्याने तयार झालेल्या १०० घ. सेंमी. क्षमतेच्या या पिढीतील गाड्यांमुळे मिकुनी व केहिन या पद्धतींचे कार्ब्युरेटर ग्रामीण भागातही पोहोचले.

आयात केलेले सुटे भाग दुर्मिळ व महाग असल्याने मूळ कार्ब्युरेटर झिजला, की मिळेल तो देशी कार्ब्युरेटर बसविण्याची पद्धत रूढ झाली. ॲमल व यीकोव्ह यांच्या जागी मिककार्ब या देशी बनावटीच्या, मिकुनी पद्धतीच्या कार्ब्युरेटराचा वापर पुष्कळ झाला. कारखान्याने एका एंजिनासाठी ठरविलेली मापे दुसऱ्या एंजिनावर आल्याने जुळणीची जबाबदारी गावोगावच्या गॅरेजांतील कारागिरांवर पडली.

रचना व कार्य : तळाच्या वाटीत तरंगणारा फ्लोट इंधनाची पातळी कायम राखतो. गाडी जागेवर उभी असताना व स्लाइड सु. एक-अष्टमांश उघडेपर्यंत लहान पायलट जेट इंधन पुरवितो. एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश या टप्प्यात स्लाइडच्या कडेला दिलेल्या तिरकस कापाचा प्रभाव असतो. तेथून तीन-चतुर्थांशापर्यंत सुई व तिच्या भोवतालचे छिद्र आणि त्यापुढे मुख्य जेट मिश्रण ठरवितो. हे टप्पे एकमेकांत थोडेसे मिसळलेले असतात. गाडी कोणत्या टप्प्यात अडखळते हे पाहून दोष कोठे आहे ते ओळखता येते. मुठीवर खुणा करून हे टप्पे मोजण्याची रीत कारागिरांत आढळते.

बदली कार्ब्युरेटराची जुळणी : जुळणीपूर्वी झडपांतील अंतर, ठिणगीची वेळ, हवेची गाळणी व एंजिनाशी असलेला सांधा तपासणे आवश्यक असते. सांध्यातून हवा आत शिरत असल्यास कोणताही जेट बसविला, तरी मिश्रण स्थिर राहत नाही. त्यानंतर फ्लोटची पातळी, मुख्य जेट, सुई, स्लाइड व शेवटी पायलट स्क्रू असा क्रम सामान्यतः पाळला जातो. एंजिन पूर्ण तापल्यावरच अखेरची जुळणी करतात.

जेटांवरील आकडे सर्व उत्पादकांचे सारखे नसतात. ॲमलच्या जेटवरील आकडा त्यातून दर मिनिटाला वाहणारे इंधन घन सेंटिमीटरांत दाखवितो, तर डेलॉर्टोच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत दाखवितो. त्यामुळे दोहोंवर १०० हा आकडा असला, तरी त्यांतून जाणारे इंधन सारखे असेल असे नाही. स्क्रूच्या बाबतीतही असाच भेद आहे. ॲमल व जुन्या मिकुनी पद्धतीत हा स्क्रू हवेचे नियंत्रण करतो. तो सैल केला, की मिश्रण विरळ होते. चेतकच्या कार्ब्युरेटरात तो मिश्रणाचा पुरवठा नियंत्रित करतो. तो सैल केला, की मिश्रण दाट होते. एका गाडीवर बसलेली हाताची सवय दुसऱ्या गाडीवर अशी नेमकी उलटी ठरते. दोन कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत दोन्ही स्लाइड एकाच क्षणी व सारख्या उचलल्या जातील, हेही पाहावे लागते.

मिश्रण दाट असेल, तर प्लगवर काळी काजळी धरते, धूर वाढतो व इंधन अधिक खर्च होते. ते विरळ असेल, तर प्लग पांढरट दिसतो, एंजिन तापते व वेग घेताना अडखळते. द्विधाव एंजिनात हा दोष विशेष धोकादायक असतो. ज्या गाड्यांत वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे इंधन कमी झाले, की वंगणही कमी होते व पिस्टन सिलिंडरात धरण्याचा संभव असतो. इंधन वाचविण्याच्या हेतूने लहान जेट बसविल्यास होणारी बचत एंजिनाच्या दुरुस्तीत खर्ची पडते, याचे कारण हेच आहे.

उंची व हवामान : एकाच मापाचा जेट कोकणात व वऱ्हाडाच्या पठारावर सारखा काम देत नाही. मेहकर व लोणार यांच्या दरम्यानचे सुलतानपूर (बुलढाणा जिल्हा) व त्याचा परिसर हे याचे चांगले उदाहरण आहे. हा पठारी भाग समुद्रसपाटीपासून सु. ५०० ते ६०० मी. उंचीवर आहे. या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सु. ५ टक्के कमी असते. मुंबईत ३०° से. तापमान असता येथे उन्हाळ्यात ४२° से. असेल, तर घनता आणखी सु. ४ टक्के घटते. घनतेच्या घटीच्या सु. निम्म्या प्रमाणात मिश्रण दाट होत असल्याने किनाऱ्यावर अचूक जुळविलेली गाडी येथे दुपारी सु. ४ ते ५ टक्के दाट मिश्रणावर चालते. हिवाळ्यातील पहाटे परिस्थिती बदलते. थंड हवा अधिक दाट असल्याने मिश्रण विरळ होते. म्हणून अशा प्रदेशात मुख्य जेटाची निवड दुपारच्या उष्णतेवरून न करता वर्षभराच्या वापराचा विचार करून करणे इष्ट ठरते.

कायदा व इंधन : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मुळे वाहनांच्या धुराला मर्यादा आल्या. ३१ मार्च २००० पर्यंत तयार झालेल्या दुचाकींच्या धुरात गाडी जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपेक्षा व त्यानंतरच्या दुचाकींत ३.५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावा, असे बंधन घालण्यात आले. ही चाचणी पायलट जेटाच्या टप्प्यातच होत असल्याने तिचा निकाल मुख्यतः एका लहान स्क्रूच्या जुळणीवर अवलंबून असतो. खाजगी दुचाकीची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेताना गाडी सुस्थितीत असावी लागते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटराची जागा पेट्रोल-अंतःक्षेपणाने घेतली. कमी किंमतीच्या काही गाड्यांत मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला कार्ब्युरेटर वापरण्यात आला.

इंधनातील बदलांमुळे जुन्या गाड्यांपुढे नवे प्रश्न उभे राहिले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले. २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर, तर २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या एका ग्रॅमला सु. ९ ग्रॅमच हवा पुरते. २० टक्के मिश्रणाच्या बाबतीत ही गरज सु. १३.५ ग्रॅमवर येते. अंतःक्षेपण पद्धतीत धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण काही मर्यादेत आपोआप सुधारले जाते. साध्या कार्ब्युरेटराला ही सोय नसल्याने जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण विरळ होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे गाडी दीर्घकाळ उभी राहिल्यास वाटीत गंज व क्षार साचतात आणि जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगतात किंवा चिरतात. मुख्य जेट एक-दोन मापांनी वाढविणे, सुई एक खाच वर घेणे व इथेनॉलला टिकणारे रबरी भाग वापरणे हे यावरील नेहमीचे उपाय होत.

जुन्या कार्ब्युरेटराची तांत्रिक पुस्तिका ज्या इंधनासाठी लिहिली गेली, ते इंधन आता पंपावर मिळत नाही. तीत दिलेली मापे म्हणूनच आरंभबिंदू ठरतात. अंतिम माप एंजिन, गावाची उंची, ऋतू व इंधन पाहून ठरवावे लागते. लिखित साहित्यात या अनुभवजन्य मापांची नोंद फार थोडी झाली आहे. ती प्रामुख्याने कारागिरांच्या स्मरणात राहिली. कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांवर शिकणाऱ्या नव्या पिढीकडे हे ज्ञान आपोआप जाण्याची शक्यता नसल्याने, प्रत्येक गाडीवर बसविलेल्या जेटांची, सुईच्या खाचेची व स्क्रूच्या फेऱ्यांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते.