फ्रँकफर्ट ते बर्लिन : ४३० किलोमीटर आणि एक कोंडलेले शहर

२४ जून १९४८. सोव्हिएत सैन्याने पश्चिम बर्लिनकडे येणारे रस्ते, लोहमार्ग आणि जलमार्ग बंद केले. आत वीस लाखांहून अधिक माणसे होती. त्यांना तगवण्यासाठी अन्न आणि कोळसा मिळून रोज सुमारे ४,५०० टन माल लागणार होता. उरले होते ते आकाश.

तेही सगळे मोकळे नव्हते. रस्त्यांच्या वापराचा लेखी करार कधी झालाच नव्हता. हवाई मार्गिकांचा मात्र नोव्हेंबर १९४५ मध्ये झाला होता. प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंदीच्या तीन मार्गिका. या एका कागदावर पुढचे सारे घडले.

अमेरिकेचा मुख्य तळ फ्रँकफर्टजवळचा राइन-माइन. तेथून बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळापर्यंत सरळ रेषेत ४३० किलोमीटर, तेही डोंगराळ मुलुखावरून. आज हे अंतर किरकोळ वाटेल. पण सी-५४ हे मालवाहू विमान एका खेपेत जेमतेम १० टन नेई. त्यामुळे एका खेपेला किती वेळ लागतो यापेक्षा दिवसाकाठी किती खेपा होतात, हा खरा प्रश्न होता.

जुलैअखेरीस मोहिमेची सूत्रे विल्यम टनर यांच्याकडे आली. आसामातून हिमालय ओलांडून चीनला रसद पोहोचवणाऱ्या युद्धकालीन हवाई मोहिमेचे नेतृत्व याच टनरनी केले होते! १३ ऑगस्टला ते स्वतः बर्लिनवर अडकले. खाली धावपट्टीवर एक विमान जळत होते आणि ढगांत कित्येक विमाने एकावर एक घिरट्या घालत होती. त्यानंतर नियम झाला : पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही, तर मालासकट थेट तळावर परत. दर तीन मिनिटांना एक विमान, आणि परतीसाठी मधली मार्गिका.

तरीही अंतर कमी होणार नव्हते. मग तळच बदलला. ब्रिटिश विभागातील फासबर्ग ते बर्लिनचे गाटो विमानतळ हे अंतर सुमारे २०५ किलोमीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि वाटेत सपाट प्रदेश. ऑगस्टमध्येच अमेरिकी सी-५४ तिकडे हलवली गेली. टनर यांचा हिशेब असा की, राइन-माइनहून तीन विमाने जे काम करत, ते फासबर्गहून दोन करत. अमेरिकी विमाने ब्रिटिश तळावरून उडत आणि पोटात बहुतेक कोळसाच असे.

१५-१६ एप्रिल १९४९ च्या चोवीस तासांत १,३९८ उड्डाणांतून १२,९४१ टन माल उतरला. १२ मे रोजी नाकेबंदी उठली. उड्डाणे मात्र साठा करण्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत चालूच राहिली.

टेम्पलहोफसमोर १९५१ मध्ये स्मारक उभे राहिले. त्याचे तीन काँक्रीटचे बाहू पश्चिमेकडे, तीन मार्गिकांच्या दिशेने झुकलेले आहेत आणि पायथ्याशी मृत वैमानिकांची नावे कोरलेली आहेत. तसेच दुसरे स्मारक ४३० किलोमीटर दूर, फ्रँकफर्ट विमानतळाशी आहे.