अँटनी गॉर्मली : चौथरा नाकारणारी माणसे

ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांचा जन्म १९५० साली लंडनमध्ये झाला. केंब्रिजमध्ये पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि कलेचा इतिहास शिकल्यावर १९७१ ते १९७४ या काळात ते भारत व श्रीलंकेत राहिले आणि सत्यनारायण गोयंका यांच्याकडे विपश्यना शिकले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ साली सुरू झाले, त्याच्या आधीची ही गोष्ट.

भारतात रस्त्यावर, फलाटावर डोक्यापर्यंत चादर ओढून झोपलेली माणसे त्यांनी पाहिली. त्यातून ‘स्लीपिंग प्लेस’ हे शिल्प आले. आडव्या झालेल्या माणसावर प्लास्टरमध्ये भिजवलेली चादर टाकली, ती कडक झाल्यावर उचलली. आत शरीर नाही; त्या माणसाने व्यापलेली जागा तेवढी उरली. ज्याच्याकडे चादरीखालच्या जागेशिवाय दुसरे घर नाही, त्याला कलादालनात जागा मिळाली.

पुढे ते स्वतःच्या शरीराचे साचे घेऊ लागले. प्लास्टर सुकेपर्यंत निश्चल उभे राहायचे, श्वासाकडे लक्ष ठेवायचे. विपश्यनेचा सराव इथे थेट कामी आला. लिव्हरपूलजवळ क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर अशा १०० लोखंडी आकृती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यांना चौथरा नाही. भरतीत काही बुडतात, ओहोटीत पुन्हा दिसतात. अनित्यता समजावून सांगायला तिथे फलक लागत नाही.

‘फील्ड फॉर द ब्रिटिश आइल्स’ (१९९३) मध्ये सुमारे ४०,००० छोट्या मातीच्या आकृती आहेत. त्या सेंट हेलेन्स भागातील कुटुंबांनी घडवल्या. त्या अख्खे दालन भरून टाकतात, त्यामुळे प्रेक्षकाला दारातच थांबावे लागते. हजारो डोळे त्याच्याकडेच पाहत असतात. १९९४ साली गॉर्मली यांना टर्नर पुरस्कार मिळाला. २००३ च्या ‘एशियन फील्ड’साठी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका गावच्या लोकांनी सुमारे २ लाख आकृती केल्या. त्या घडवणाऱ्यांची छायाचित्रेही काढली गेली. तरी शिल्पकार म्हणून नाव गॉर्मली यांचेच लागते. हा प्रश्न आम्ही टाळणार नाही.

आपल्या तरुणांनी ही कामे का पाहावीत? पुतळा आपल्या चळवळीत अस्मितेचा आधार आहे आणि त्याचा चौथरा आपण झगडून मिळवला आहे. तो हवाच. पण चौथऱ्याखाली उभ्या असलेल्या हजारोंनाही जागा द्यायची असते, आणि त्यांनी आपल्याकडे पाहिले तर नजर चुकवायची नसते.